दोन विनंत्यांच्या मधे काय उरते? सर्व्हरवर पाने तयार करण्याच्या पद्धतींची तुलना कशी करावी

सर्व्हरवर पान तयार करण्याची पद्धत निवडायची वेळ आली की चर्चा बहुधा थेट भाषांवर येते. पीएचपी घ्यावी की पायथन, जावा की नोड, यावर तासन् तास बोलले जाते. भाषेची निवड महत्त्वाची आहेच, पण तिच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. एका वाचकाची विनंती (म्हणजे त्याच्या ब्राउझरने पान मागणे) पूर्ण झाल्यावर आणि पुढची येण्यापूर्वी सर्व्हरच्या मेमरीत आपल्या प्रोग्रामचे काय शिल्लक राहते? काहीच राहत नाही, थोडे राहते, की सगळेच राहते? पानाचा वेग, मेमरीचा खर्च, डेटाबेसच्या जोडण्या, बिघाडाचे स्वरूप आणि नवी आवृत्ती चढवण्याची रीत या साऱ्यांचा उगम बव्हंशी या उत्तरात आहे. म्हणून पुढील तुलना याच प्रश्नाला धरून केली आहे.

आधी एकच पान ठरवा

तुलना करताना 'नमस्कार' एवढेच छापणारे पान घेऊन वेग मोजण्याचा मोह टाळावा. त्या आकड्यांतून प्रत्यक्ष कामाचे काहीच कळत नाही. त्याऐवजी आपल्या संकेतस्थळावरचे सर्वाधिक वापरले जाणारे आणि बऱ्यापैकी अवघड असे एक पान निवडावे. या लेखापुरते आपण एका सार्वजनिक वाचनालयाचे पुस्तकशोधाचे पान घेऊ. वाचक शोधपेटीत शब्द लिहितो, सर्व्हर डेटाबेसमधून जुळणारी पन्नास पुस्तके काढतो, प्रत्येकासमोर लेखकाचे नाव आणि शिल्लक प्रतींची संख्या दाखवतो, आणि सभासद लॉगिन झालेला असेल तर पानाच्या वरच्या बाजूला त्याचे नाव येते. बाहेरून आलेली माहिती स्वीकारणे, डेटाबेस विचारणे, एचटीएमएल रचणे आणि माणूस ओळखणे ही चारही कामे यात आल्यामुळे हे पान कसोटीला पुरेसे आहे.

याच टप्प्यावर खऱ्या अर्थाने डायनॅमिक (मागणीच्या वेळी नव्याने तयार होणारे) असण्याची गरज कोणत्या पानांना नाही, तेही वेगळे काढावे. वाचनालयाच्या वेळा आणि वर्गणीचे नियम साध्या एचटीएमएल फाइलमध्ये राहू शकतात. 'नवी दाखल पुस्तके' ही यादी दिवसातून एकदाच बदलत असेल, तर क्रॉन या ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनाद्वारे रोज रात्री एक प्रोग्राम चालवून तिची तयार फाइल लिहून ठेवता येते आणि दिवसभर वेब सर्व्हर तीच फाइल देत राहतो. असे केल्यावर पुष्कळदा फक्त शोध आणि सभासदाचे खाते एवढीच दोन पाने उरतात, आणि मग निवडीचे ओझे बरेच हलके होते.

काहीच उरत नाही: सीजीआय

१९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरसोबत आलेली सीजीआय (कॉमन गेटवे इंटरफेस) ही पद्धत आजही अभ्यासावी, कारण नंतरच्या सगळ्या पद्धती तिच्यातील उणिवांना दिलेली उत्तरे आहेत. विनंती आली की वेब सर्व्हर आपला प्रोग्राम नवी प्रोसेस (प्रोग्रामची स्वतंत्र चालू प्रत) म्हणून सुरू करतो. पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा मजकूर, विनंतीचा प्रकार आणि आलेल्या माहितीची लांबी यांसारखे तपशील तो पर्यावरण-चलांतून पुरवतो, तर फॉर्ममधून आलेली माहिती प्रोग्राम स्टँडर्ड इनपुटवरून वाचतो. प्रोग्रामने स्टँडर्ड आउटपुटवर आधी हेडर, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर पान छापायचे असते. छापून झाले की प्रोसेस संपते आणि तिच्याबरोबर सर्व काही पुसले जाते.

ती रिकामी ओळ राहिली की वाचकाला ५०० क्रमांकाची चूक दिसते आणि अपाची या वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये हेडर पूर्ण होण्याआधीच आउटपुट संपल्याची नोंद पडते. फाइलला चालवण्याची परवानगी नसणे, किंवा विंडोजवर लिहिलेल्या फाइलच्या पहिल्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य वर्ण चिकटून राहणे, या कारणांनीही पान बंद पडते. त्यामुळे सीजीआय बिघडल्यास आपला कोड तपासण्याआधी लॉग उघडावा.

हिची खरी किंमत सुरुवातीच्या कामात आहे. पर्लचा किंवा पायथनचा इंटरप्रिटर चढवणे, लायब्ररी वाचणे आणि डेटाबेसशी नवी जोडणी करणे हे सर्व दर विनंतीला नव्याने होते, म्हणजे पंगतीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी चूल पुन्हा पेटवण्यासारखे. दिवसाला काही शेकडा विनंत्या असलेल्या अंतर्गत कामासाठी हे चालून जाते, आणि सी किंवा गो अशा भाषेतला लहान प्रोग्राम असेल तर चांगलेच चालते. वाचनालयाच्या शोधपानासाठी मात्र मी सीजीआय सुचवणार नाही. पायथनमध्ये तर या कामासाठी असलेले मूळ मॉड्यूल ३.१३ या आवृत्तीपासून काढूनच टाकले आहे.

थोडे उरते: पीएचपी

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये जाहीर केलेली पीएचपी पुढे एवढी पसरली यामागे एक विलक्षण उपयुक्त तडजोड आहे. प्रोसेस जिवंत राहते, पण आपल्या प्रोग्रामची अवस्था जिवंत राहत नाही. आजच्या नेहमीच्या मांडणीत एनजिनएक्स किंवा अपाची या वेब सर्व्हरच्या मागे पीएचपी-एफपीएम या व्यवस्थापकाचे काही वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) तयार उभे असतात. विनंती आली की त्यातला एक मोकळा वर्कर ती घेतो, आपली फाइल पहिल्या ओळीपासून चालवतो, आणि काम संपताच त्या विनंतीपुरती सर्व चले, उघडलेल्या फाइली आणि साध्या जोडण्या टाकून देतो. वर्कर स्वतः पुढच्या विनंतीसाठी तयार राहतो. फाइलचे भाषांतरित रूप ओपकॅश सामायिक मेमरीत ठेवतो, त्यामुळे दर वेळी फाइल नव्याने वाचून समजून घ्यावी लागत नाही. ओपकॅश ५.५ या आवृत्तीपासून पीएचपीसोबतच येतो, आणि तो चालू आहे का हे तुलना करण्याआधी पाहणे आवश्यक आहे, नाहीतर मोजमाप पीएचपीवर अन्याय करणारे ठरते.

या रचनेचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे एका सभासदाची माहिती दुसऱ्याच्या विनंतीत चुकून मिसळणे फार अवघड होते. मेमरी गळत असेल तरी विनंती संपल्यावर ती बहुतांशी मोकळी होते. एका विनंतीत प्रोग्राम कोसळला तर शेजारचे वर्कर काम करत राहतात. फाइल बदलली की बदल लागू होतो, सेवा बंद करून चालू करावी लागत नाही (ओपकॅशमधील वेळ-तपासणी बंद ठेवली असेल तर मात्र तो रिकामा करावा लागतो). स्वस्त सामायिक होस्टिंगवर पीएचपी हमखास मिळते त्याचे कारणही हेच आहे, की शेकडो ग्राहकांची संकेतस्थळे त्यांच्या स्वतंत्र प्रोसेस कायम चालू न ठेवता एकाच यंत्रावर नांदू शकतात.

वर्करची संख्या ठरवणे हा यातील कळीचा भाग आहे, आणि तो हिशेबाने करता येतो. समजा यंत्रात २ जीबी मेमरी आहे, त्यातली १ जीबी ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेससाठी राखून ठेवली, आणि आपल्या शोधपानासाठी एक वर्कर सुमारे ४० एमबी घेतो. म्हणजे जास्तीत जास्त २५ वर्कर ठेवता येतील. एक विनंती पूर्ण व्हायला २०० मिलिसेकंद लागत असतील तर हे २५ वर्कर सेकंदाला फार तर १२५ विनंत्या पुऱ्या करतील, त्यापलीकडच्या रांगेत थांबतील. आता एखादी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बिघडून तीच विनंती २ सेकंद घेऊ लागली, तर क्षमता एकदम साडेबारावर येते आणि रांग वाढतच जाते. अशा वेळी वर्कर वाढवून उपयोग होत नाही, कारण मेमरी संपून यंत्र स्वॅपमध्ये (मेमरीऐवजी मंद डिस्क वापरण्यात) जाते आणि सगळेच मंदावते. दुरुस्ती क्वेरीत करावी लागते. इथे एक तपशील ध्यानात ठेवावा: पीएचपीची ३० सेकंदांची मूळ वेळमर्यादा लिनक्सवर फक्त कोड चालण्याचा वेळ मोजते, डेटाबेसची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. त्यामुळे अडकलेली क्वेरी ती मर्यादा असूनही वर्करला धरून बसू शकते.

सगळेच उरते: सतत चालणारा प्रोग्राम

जावाचे सर्व्हलेट, पायथनमधील जँगो, रुबीतील रेल्स आणि नोड या मंडळींत प्रोग्राम एकदाच सुरू होतो आणि विनंत्या त्याच्याकडे येत राहतात. लायब्ररी चढलेल्या असतात, सेटिंग वाचून झालेले असते, डेटाबेसच्या जोडण्या उघड्या असतात. विषयवार पुस्तकांची संख्या यासारखी क्वचित बदलणारी माहिती मेमरीतच धरून ठेवता येते. सुरुवातीचे काम कितीही जड असले तरी त्याची किंमत एकदाच मोजली जाते.

मात्र मेमरीत टिकून राहण्याचा हाच गुण सावध राहण्याचे कारण आहे. लॉगिन झालेल्या सभासदाचे नाव कोणी मॉड्यूलच्या पातळीवरील चलात ठेवले, तर ते पुढच्या विनंतीलाही दिसते आणि एका सभासदाच्या पानावर दुसऱ्याचे नाव झळकू शकते. सर्व्हलेटमध्ये ही चूक आणखी सहज होते, कारण एकाच ऑब्जेक्टवर अनेक थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे कामाचे धागे) एकाच वेळी काम करतात आणि त्या ऑब्जेक्टची क्षेत्रे सर्वांत सामायिक असतात. स्वतःच्या संगणकावर एकट्याने तपासताना हा दोष कधीच दिसत नाही. म्हणून या गटातील पद्धत घेणाऱ्याने एक नियम पाळावा: विनंतीशी निगडित कोणतीही गोष्ट फंक्शनच्या आत किंवा विनंतीच्या ऑब्जेक्टमध्येच ठेवावी. तपासणीही दोन ब्राउझरमध्ये दोन निराळे सभासद लॉगिन करून, दोन्हीकडून एकाच वेळी विनंत्या पाठवून करावी.

या गटात अंतर्गत फरकही आहेत. जावामध्ये एक प्रोसेस आणि पुष्कळ थ्रेड असतात, सुरू व्हायला वेळ लागतो, मेमरी जास्त लागते, पण एकदा तापल्यावर वेग उत्तम मिळतो. जेएसपी (एचटीएमएलमध्ये जावा कोड मिसळलेल्या) फाइलचे पहिल्या विनंतीच्या वेळी सर्व्हलेटमध्ये रूपांतर होते, त्यामुळे नवी आवृत्ती चढवल्यानंतरचा पहिला वाचक ताटकळतो. पायथनमध्ये सहसा गनिकॉर्नसारख्या सर्व्हरखाली अनेक वर्कर प्रोसेस चालवतात, आणि गनिकॉर्नचे मार्गदर्शन प्रोसेसरच्या गाभ्यांच्या दुपटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येपासून सुरुवात करायला सांगते. म्हणजे दोन गाभ्यांच्या यंत्रावर पाच.

नोडची रीत निराळी आहे. २००९ मध्ये रायन डाल यांनी मांडलेल्या या पद्धतीत आपला जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर चालतो. डेटाबेसचे उत्तर येईपर्यंत तो थांबून राहत नाही, दरम्यान दुसऱ्या विनंत्यांचे काम पाहतो. ज्या पानांचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो आणि एकाच वेळी हजारो जोडण्या उघड्या असतात, तिथे हे फार काटकसरीचे ठरते. पण एखाद्या विनंतीने सलग तीन सेकंद गणित केले, उदाहरणार्थ सगळ्या ग्रंथसूचीची पीडीएफ तिथल्या तिथे बनवली, तर ते तीन सेकंद त्या प्रोसेसमधील प्रत्येक वाचक खोळंबतो. पीएचपीत असाच प्रकार घडला तर एक वर्कर अडकतो आणि बाकीचे चोवीस चालू राहतात. असले जड काम नोडमध्ये नेहमी वेगळ्या वर्करकडे किंवा रांगेकडे सोपवावे.

डेटाबेसच्या जोडण्या आधी मोजा

पद्धत कोणतीही असो, पान मंद असण्याचे कारण बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये सापडते. पोस्टग्रेस मूळ मांडणीत १०० जोडण्या स्वीकारतो, मायएसक्यूएल १५१. आपले वर्कर, प्रत्येक वर्करचा जोडणी-साठा (उघड्या ठेवलेल्या जोडण्या) आणि यंत्रांची संख्या यांचा गुणाकार या आकड्याच्या आत ठेवावा लागतो. चार यंत्रांवर प्रत्येकी पाच वर्कर आणि प्रत्येक वर्करला दहा जोडण्यांचा साठा दिला, तर आकडा २०० होतो आणि गर्दीच्या वेळी काही वाचकांना चूक दिसू लागते. यंत्रे वाढवल्यावर संकेतस्थळ अधिक वारंवार पडू लागले, तर सर्वांत आधी हा गुणाकार पाहावा.

दुसरी गोष्ट क्वेरींच्या संख्येची. जँगो किंवा रेल्समध्ये पुस्तकांच्या यादीवर फिरताना प्रत्येक पुस्तकाचा लेखक सहज मागता येतो आणि कोड सुबक दिसतो, पण आपल्या पन्नास पुस्तकांच्या पानासाठी मागे एक अधिक पन्नास अशा एक्कावन्न क्वेरी जातात. जोडक्वेरीने हे काम एकात होते. हाताने एसक्यूएल लिहिणाऱ्या जुन्या पीएचपी पानाला नवे फ्रेमवर्क हरते असे कधी दिसते, तेव्हा भाषेला दोष देण्यापूर्वी क्वेरींचा लॉग पाहणे न्याय्य ठरेल.

सुरक्षेचे मूळ वर्तन कोणाचे कसे आहे

वाचकाने शोधपेटीत लिहिलेला शब्द आपण पानावर परत छापतो, आणि त्यात कोणी स्क्रिप्ट घुसवू शकतो. जँगोची टेम्प्लेट (पानाचा साचा), तिसऱ्या आवृत्तीपासूनचे रेल्स आणि पीएचपीतील ब्लेड किंवा ट्विग ही टेम्प्लेट धोक्याची चिन्हे आपोआप निष्प्रभ करतात. साध्या पीएचपीत आणि जेएसपीच्या साध्या एक्स्प्रेशनमध्ये ते काम प्रत्येक ठिकाणी लिहिणाऱ्याने आठवणीने करायचे असते. दहा जण मिळून काम करत असतील तर आठवणीवर विसंबू नये, आपोआप करणारी टेम्प्लेट निवडावी. एसक्यूएलच्या बाबतीत सर्वच भाषांत पूर्वतयार क्वेरी (ज्यांत वाचकाचा शब्द वेगळा पाठवला जातो) उपलब्ध आहेत, तेव्हा शब्द जोडून क्वेरी बनवण्याला आज कोणतेही समर्थन नाही.

मराठी मजकुरावर कसोटी घ्या

तुलना इंग्रजी नमुन्यांवर केली की हा भाग निसटतो, आणि मराठी संकेतस्थळाला नंतर त्रास होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' हा शब्द पीएचपीच्या साध्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला दिला तर उत्तर १५ येते, मल्टिबाइट फंक्शन ५ सांगते, आणि वाचकाच्या डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. पायथन आणि नोडही ५ म्हणतात. पुस्तकाचा सारांश ठरावीक लांबीवर तोडायचा असेल तर बाइटवर तोडल्यास शेवटी निरर्थक चिन्ह उरते आणि वरच्या ५ सारख्या चिन्ह-मोजणीवर तोडल्यास काना किंवा वेलांटी गळते. अक्षरपुंजांवर (डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षरावर) तोडण्याची सोय पीएचपीच्या इंटल (intl) विस्तारात आणि जावास्क्रिप्टच्या सेगमेंटरमध्ये आहे. नोडमध्ये प्रतिसादाची लांबी हेडरमध्ये स्वतः लिहिताना वर्णसंख्या दिली, तर पूर्ण देवनागरी मजकूर साधारण एक-तृतीयांशावर तुटतो. तिथे बाइटसंख्याच द्यायची असते.

शोधाच्या बाबतीत 'दुसऱ्या' हा शब्द तपासून पाहावा. त्यातील अर्धा र स्वतंत्र ऱ या चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा जोडीने लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असाही टंकित होतो. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, पण बाइट निराळे असतात. पहिल्या दोहोंना युनिकोडचे सामान्यीकरण एक करते आणि त्याची सोय पायथन, जावा, जावास्क्रिप्ट आणि पीएचपीच्या इंटल विस्तारात आहे. तिसरा प्रकार आपण स्वतः बदलून घ्यावा लागतो. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे हीच प्रक्रिया करावी. सामायिक होस्टिंग घेण्यापूर्वी तिथे इंटल विस्तार आहे का, आणि मायएसक्यूएलच्या तक्त्यांना यूटीएफ-८ ची चार बाइटांची आवृत्ती लावता येते का, हे विचारून घ्यावे.

मोजमाप

आता तेच शोधपान दोन पद्धतींत बांधून, एकाच यंत्रावर, खऱ्या आकाराच्या डेटाबेससह मोजावे. अपाचीसोबत येणारे एबी हे साधन पुरेसे आहे. आधी काही विनंत्या पाठवून प्रोग्राम तापू द्यावा, मग एकाच वेळी १, १० आणि ५० वाचक असल्याप्रमाणे तीन फेऱ्या घ्याव्यात. सरासरीवर समाधान मानू नये. वेळेनुसार चढत्या क्रमाने लावल्यावर शंभरातील पंचाण्णवाव्या विनंतीला किती वेळ लागला हा आकडा अधिक बोलका असतो, कारण तक्रार करणारा वाचक तिथे असतो. त्याच वेळी मेमरी किती वाढली ते पाहावे. मेमरी तासाभरानेही चढतच असेल आणि प्रोग्राम सतत चालणारा असेल, तर गळती शोधावी किंवा ठरावीक विनंत्यांनंतर वर्कर बदलण्याची सेटिंग लावावी. शेवटी मुद्दाम डेटाबेस बंद करून पान काय दाखवते आणि डेटाबेस परत चालू केल्यावर आपोआप सावरते का, हेही तपासावे. सतत उघड्या जोडण्या धरणाऱ्या प्रोग्रामांची इथे खरी परीक्षा होते.

वाचनालयाच्या आपल्या उदाहरणात एखादाच माणूस देखभाल करणारा असेल, सामायिक होस्टिंगचेच बजेट असेल आणि दिवसाला दोन-चार हजार पाने पाहिली जात असतील, तर मी पीएचपी आणि आपोआप सुरक्षित करणारी टेम्प्लेट हीच जोडी सुचवीन. सभासदत्व, देवघेव, दंड आणि अहवाल असा पसारा वाढणार असेल आणि स्वतःचे यंत्र सांभाळणारे कोणी असेल, तर जँगो घ्यावे, कारण त्यातील तयार प्रशासन-पाने कर्मचाऱ्यांच्या कामाचे कित्येक महिने वाचवतात. नोडकडे वळण्याचे कारण वाचनालयापाशी तेव्हा येईल, जेव्हा पुस्तक परत येताच शेकडो उघड्या पानांवर ते त्या क्षणी दिसायला हवे असेल.

एका पद्धतीतून दुसरीकडे जायचे ठरले तर सगळे संकेतस्थळ एकदम बदलू नये. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये पत्त्यानुसार वाट वेगळी करता येते: शोधाचा पत्ता नव्या प्रोग्रामकडे, बाकी सगळे जुन्याकडे. दोघांनाही लॉगिन ओळखता यावे म्हणून सत्राची (लॉगिन टिकवून ठेवणारी) माहिती आधी डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या मेमरीतील साठ्यात, दोन्ही भाषांना वाचता येईल अशा जेसनसारख्या स्वरूपात हलवावी, कारण पीएचपीचे सत्र मूळ मांडणीत फाइलीत आणि तिच्या स्वतःच्या स्वरूपात लिहिलेले असते. शोधपान काही आठवडे नीट चालले, लॉगमध्ये नवी चूक दिसली नाही, की मग सभासदाच्या खात्याचा पत्ता वळवावा, आणि तोवर जुन्या वाटेची ओळ सेटिंगमध्ये टिप्पणी करून ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास मिनिटाभरात परत फिरता येते.